मुदतीच्या पाकिटाला काठ हवा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात लग्नपत्रिका आली, की उघडायच्या आधीच ती निम्मी वाचून झालेली असते. चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटे, वर गणपती, पाकिटाला लाल-सोनेरी कड. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणाऱ्या आजीलाही कळते की कार्य आहे, आणि पै-पाहुण्यांत कुणाचे असेल याचा हिशेब ती मनात सुरू करते. त्याच दारात, कदाचित त्याच आठवड्यात, एक लांबट पांढरे पाकीट येते. छापील पत्ता, डाव्या कोपऱ्यात कुणा वकिलाचा रबरी शिक्का, बाकी काही नाही. ते टीव्हीखालच्या कप्प्यात लाइट बिलाच्या आणि विम्याच्या कागदांच्या गठ्ठ्यावर जाऊन पडते. आत न वटलेल्या चेकची नोटीस असते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी तक्रारीची वाट मोकळी होते. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या पत्राला उशीर झाला तर फार तर एक जेवणावळ चुकेल, ते हाताच्या अंतरावरून ओळखू येते. आणि ज्याला उशीर झाला तर कोर्टाची पायरी चढावी लागेल, त्याच्या अंगावर एक खूण नाही. पाकिटाचा रंग हा आपण स्टेशनरीच्या दुकानातला हौसेचा विषय करून टाकला आहे. माझे म्हणणे असे, की पाकिटाच्या रंगावर पहिला हक्क पाठवणाऱ्याच्या हौसेचा नाही, घेणाऱ्याच्या सोयीचा आहे. त्या रंगाने एवढेच सांगावे की हे हाती आल्यावर काय करायचे आणि किती लवकर करायचे.

हे काही नवे मागणे नाही. आपल्याकडे ही सोय होती, आणि ती ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी होती. भारतात पोस्टकार्ड सुरू झाले १८७९ मध्ये. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेत, देशातले साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे टपाल घरोघर पोचले होते आणि ते वाचू शकणारे फार थोडे होते. पत्र वाचून दाखवायला पोस्टमन थांबे, नाहीतर शाळेतून पोर येईपर्यंत ते कोनाड्यात राही. अशा वेळी पत्राच्या अंगावरची खूण हीच त्याची पहिली ओळ असे. कोपरा फाडलेले कार्ड आले की कुणीतरी गेले. ते वाचून तिथेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही. हळदीची बोटे म्हणजे मंगलकार्य. १९५० पासून मिळू लागलेले निळे आंतरदेशीय पत्र, म्हणजे बोलीतले ‘इनलँड’, हे मुंबईतल्या गिरणीतून किंवा पलटणीतून आलेल्या खुशालीचे. ते संध्याकाळी सगळे जमल्यावर फोडले तरी चाले. खाकी पाकीट सरकारचे, त्यासाठी शिकलेला माणूस शोधायचा. या चार खुणा पाहा. एकही खूण पाठवणारा किती मोठा, हे सांगत नाही. कार्डाचा कोपरा श्रीमंताने फाडला काय नि गरिबाने फाडला काय, अर्थ तोच: आधी खाली बसा, मग वाचा.

याच्या बरोबरीने दुसरीही एक परंपरा चालत होती, ती दरबारी. कोल्हापूरसारख्या संस्थानांशी इंग्रज सरकारचा मानाचा पत्रव्यवहार खलित्यांतून चाले. किनखाबाच्या थैलीत पत्र, त्यावर मलमलीची पिशवी, दोरीला लाखेचा शिक्का. थैलीचा कपडा आणि जर पाहूनच दर्जा समजावा अशी ती रचना होती; आतला मजकूर पुष्कळदा शिष्टाचाराचा. इंग्रजांनी स्वतःच्या घरगुती पत्रांसाठी आणखी एक रीत आणली, दुखवट्याच्या काळ्या काठाची. नाते जितके जवळचे आणि दुःख जितके ताजे, तितका पाकिटाचा काळा काठ रुंद. महिने उलटत तसा तो अरुंद होत जाई. आपल्या वृत्तपत्रांतल्या निधनवार्तांच्या चौकटीत त्या काठाचा अंश अजून शिल्लक आहे. या दोन्ही रीती देखण्या होत्या, पण त्यांचे तोंड पाठवणाऱ्याकडे होते. थैली त्याचा मान दाखवी, काठ त्याचे सुतक. आज दुकानात शंभर रंगांची पाकिटे मिळतात, ती मला या दरबारी परंपरेची वारस वाटतात. गरिबाघरच्या कार्डाची परंपरा मात्र वारसाविना गेली.

खासगी पत्रव्यवहाराबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तिथे लोकांची जाण अजून शाबूत आहे. आहेराच्या पाकिटाला रुपयाचे नाणे चिकटवलेले असते, ते लाल किंवा सोनेरी असते, आणि ते पांढरे नको हे कुणाला शिकवावे लागत नाही. रक्षाविसर्जनाची वेळ कळवताना कुणी गुलाबी कागद घेत नाही. सांत्वनाचे पत्र पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी पाकिटात जावे, नोकरीचा अर्ज पांढऱ्यात किंवा साध्या खाकीत, वास्तुशांतीचे आमंत्रण हवे त्यात. काळ्याबद्दल मात्र सावध राहावे, कारण तो रंग आपल्याकडे तारखेप्रमाणे अर्थ बदलतो: संक्रांतीला काळे नेसणे हौसेचे आणि पंधरा दिवसांनी तेच काळे अशुभ. अलीकडे काही छापखाने काळ्या कागदावर सोनेरी अक्षरांच्या पत्रिका काढतात. त्या दिसतात रुबाबदार, पण देवापुढे ठेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात क्षणभर अडखळतो. यजमानाने तेवढा विचार करायला हरकत नाही. यात चुकले तरी नुकसान रुसव्याफुगव्यांपलीकडे जात नाही. खरे नुकसान होते ते ज्या पत्राला मुदत असते तिथे.

रंगाने काम सोपे होते का, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. मतदान केंद्रावर काम केलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. मतदान संपते, पण केंद्राध्यक्षाचे काम तिथून पुढे सुरू होते. शाळेच्या वर्गात बाकावर पाकिटांची चळत मांडायची आणि दिवसभराचे कागद त्यांत भरायचे: चिन्हांकित मतदार यादी, प्रदत्त मतपत्रिका, आक्षेपित मतांची यादी, दैनंदिनी, उरलेले नमुने. पहाटे उठून आलेली माणसे रात्री हे करीत असतात, बाहेर बस उभी असते, आणि साहित्य जमा करण्याच्या टेबलावर एक पाकीट चुकीच्या गठ्ठ्यात सापडले तर पुन्हा सगळे उलगडावे लागते. निवडणूक आयोगाच्या पद्धतीत या पाकिटांच्या गठ्ठ्यांना रंग नेमून दिलेले आहेत. यंत्राचे आणि छाननीचे कागद पांढऱ्यात, वैधानिक पाकिटे हिरव्यात, अवैधानिक पिवळ्यात, बाकीचे साहित्य तपकिरी आणि निळ्यात. मतपत्रिकेचेही तसेच, लोकसभेला पांढरी आणि विधानसभेला गुलाबी. रंग काय करतो तर दमलेल्या माणसाला दर वेळी शीर्षक वाचायच्या कष्टातून सोडवतो. वैधानिक म्हणजे काय, हे त्या क्षणी आठवले नाही तरी हिरव्यात जायचे ते हिरव्यात जाते.

या उदाहरणाला लगेच एक मर्यादा जोडायला हवी, नाहीतर त्यातून भलताच धडा निघेल. निवडणुकीतली रंगांची रांग चालते, कारण त्या माणसांना प्रशिक्षण मिळते, हातात पुस्तिका असते आणि चूक झाली तर समोर विचारणारा अधिकारी असतो. घरातल्या माणसाला यातले काहीच नसते. वर्षातून दोनदा येणाऱ्या पत्रासाठी पाच रंगांचे कोष्टक कुणी लक्षात ठेवणार नाही. म्हणून बँकेला निळे, न्यायालयाला हिरवे, पालिकेच्या घरफाळ्याला पिवळे, विम्याला जांभळे, अशा ज्या उत्साही योजना सुचवल्या जातात त्या माझ्या मते कागदावरच राहतील. त्या सगळ्या पाठवणाऱ्याच्या खात्यानुसार आखलेल्या असतात. घेणाऱ्याला खात्याशी कर्तव्य नसते. त्याला एकच गोष्ट आधी कळायला हवी: हे आत्ता फोडू की रविवारी?

टपाल खात्याला हे राखीच्या निमित्ताने उमगले आहे. रक्षाबंधनाच्या आधी पोस्टात राखीसाठी खास पाकिटे मिळतात, रंगीत चित्रांची आणि पाण्याने न भिजणारी. श्रावणात कोल्हापुरातला पाऊस कसा असतो हे सांगायला नको. कागदी पाकिटातली राखी पंचगंगेच्या पुराच्या दिवसांत लगद्यासारखी होऊन पोचायची. पण न भिजण्याइतकाच दुसरा फायदाही मोठा आहे. पत्रांची विभागणी करणाऱ्याला हजारो पाकिटांच्या ढिगात राखीचे पाकीट न वाचता दिसते आणि ते बाजूला काढता येते. त्या पाकिटाला खरे तर कायद्याची मुदत नाही, पण पौर्णिमा आहे, आणि पौर्णिमा पुढे ढकलता येत नाही. एका दिवसाच्या मुदतीसाठी खाते एवढी खटपट करते आणि लोक पाच-दहा रुपये जास्त मोजून ते पाकीट घेतात, यातच मागणी आहे की नाही याचे उत्तर आले.

कागद सोडून मोबाइलवर गेल्याने ही अडचण सुटली, असेही नाही. उलट तिथे ती इतकी वाढली की दूरसंचार नियामक प्राधिकरणाला २०२५ मध्ये संदेशांच्या पाकिटालाच खूण लावावी लागली. कंपन्यांकडून आणि कार्यालयांकडून येणाऱ्या एसएमएसच्या नावापुढे आता एक इंग्रजी अक्षर असते: जाहिरात असेल तर ‘पी’, सेवेचा संदेश असेल तर ‘एस’, व्यवहाराचा असेल तर ‘टी’, सरकारचा असेल तर ‘जी’. उघडण्याआधी कळावे, ही तीच गरज. आणि खुणेवर लोक किती विसंबतात, याचा वाईट पुरावाही त्याच मोबाइलवर मिळाला. व्हॉट्सॲपवर लग्नाचे आमंत्रण म्हणून एक फाइल येते, लोक ती बिनदिक्कत उघडतात आणि बँक खाते रिकामे होते. या फसवणुकीबद्दल ठिकठिकाणच्या पोलिसांनी इशारे दिले आहेत. चोराने नोटिशीचे सोंग घेतले नाही, पत्रिकेचे घेतले, कारण आपल्याकडे आजही पत्रिका न उघडता ठेवण्याची रीत नाही.

इथे पहिला आणि सगळ्यात नेहमीचा आक्षेप येतो. पत्रे येतातच कुठे? तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, इनलँड बघायला मिळत नाही, खुशाली फोनवर कळते, मग पाकिटांच्या रंगाचा काथ्याकूट कशाला? मला वाटते, याच कारणासाठी. दारात येणाऱ्या कागदांतून प्रेमाची, खुशालीची, उसनवारीची पत्रे गळून गेली आणि गाळ म्हणून उरली ती कायद्याची. पूर्वी दहा पत्रांत एक नोटीस असे, आता चार पाकिटांत एक असू शकते. त्यातच जुनी एक खूण अलीकडे पुसली गेली. ‘रजिस्टर आहे, सही करा’ अशी हाक आली की घरातला माणूस सावध होत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात मिसळली. नोंदणीची सोय जादा शुल्क भरून स्पीड पोस्टातच मिळते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अडचण नसेल. पण हाकेतला फरक गेला. पासपोर्टही स्पीड पोस्टाने येतो, पॅन कार्डही, एटीएम कार्डही. सही करणाऱ्याला आता ‘स्पीड पोस्ट’ या शब्दाची धास्ती वाटायचे कारण उरले नाही.

कोल्हापूरकरांना तर याचा विचार इतरांआधी करावा लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कामकाज त्यामुळे इथे आले, आणि त्याच्याबरोबर त्या कामकाजाचे टपालही. दुसरीकडे हा सहकाराचा मुलूख. गल्लोगल्ली पतसंस्था, गावोगावी बँका, आणि कर्जाला जामीन राहायला पुढे येणारी भावकी. थकीत कर्जासाठीच्या सरफेसी कायद्यात कलम १३(२) ची नोटीस आली, की ६० दिवसांत रक्कम भरायची, नाहीतर बँक तारण ताब्यात घ्यायला मोकळी. हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे की नाही, यावर बरीच वर्षे वाद चालला होता. तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० ला मिटवला, लागू आहे असे सांगून. आणि तो खटला आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा होता. जामीनदाराला कर्ज थकल्याची खबर पुष्कळदा त्या नोटिशीनेच लागते. साठ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पाकीट तीन आठवडे टीव्हीखाली पडून राहिले, मग वकील गाठण्यात आठवडा गेला, मग कर्जदार मेहुण्याशी बोलणे झाले, की त्यातले किती उरतात ते ज्याने त्याने मोजावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, तो अब्रूचा. पेठेत घरे खेटून असतात, दार उघडे असते, आपण नसलो तर शेजारी पाकीट घेतो. नोटिशीला रंग दिला की ती नोटीस साऱ्या गल्लीला समजणार. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण रंगाने माणसावर शिक्का कसा बसतो हे महाराष्ट्राने शिधापत्रिकेत पाहिले आहे. १ मे १९९९ पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाचे उत्पन्न १५ हजारांपर्यंत तर पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरी. दुकानदाराच्या दृष्टीने सोय झाली, कुणाला काय द्यायचे ते कार्ड पाहून कळे. पण ‘पिवळे कार्डवाले’ हा शब्द काही दिवसांत माणसांना लागला, आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला पुढच्याची मिळकत त्याच्या हातात दिसू लागली. जो रंग धान्याला द्यायचा तो घराला दिला गेला. पाकिटाबाबत तीच चूक करता येईल आणि ती टाळताही येईल. पाकिटावर विषय रंगवला, कर्जाला एक आणि घटस्फोटाला एक, तर गल्लीला विषय कळेल. पण खूण फक्त मुदतीची असली, तर गल्लीला एवढेच समजेल की आत तारीख आहे. तारीख प्रवेश अर्जाची असू शकते, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची असू शकते, सातबाऱ्यावरच्या फेरफाराच्या हरकतीची असू शकते, बक्षीस नेण्याचीही असू शकते. आणि खरे सांगायचे तर आजच्या पांढऱ्या पाकिटावर वकिलाचे किंवा वसुली विभागाचे नाव ठळक छापलेले असते, तेव्हा अब्रू कुठे झाकली जाते? शेजाऱ्याला जे कळू नये ते आज छापले जाते आणि घरच्याला जे कळावे ते नाही.

तर मग रंग कोणता? इथे महाराष्ट्रात हात बांधले जातात. भगव्याला मालक आहे, निळ्याला आहे, हिरव्याला आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्याने लाल बावटाही पुष्कळ वर्षे खांद्यावर घेतला. गुलालाचा गुलाबी जोतिबाचा आणि निवडून आलेल्याचा. पिवळ्याचे वर सांगितले. शिवाय रंग एकटा पुरतही नाही: लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसे आहेत, पुरुषांत तर बायकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यांना ते स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसते. सबंध पाकीटच गडद केले तर पत्ता वाचणाऱ्या यंत्राची आणि माणसाची दोघांचीही पंचाईत होते; फिका कागद आणि गडद शाई हेच टपालाला सोयीचे. या सगळ्यातून वाट काढायला एक जुनी वस्तू उपयोगी पडेल. परदेशात कुणी असलेल्या घरांना एअरमेलचे पाकीट आठवत असेल, चारही कडांना लाल-निळ्या तिरप्या रेघांचे. ते रंगापेक्षा रेघांमुळे ओळखू यायचे. काळ्या-पांढऱ्या फोटोतही ते एअरमेलच दिसते. मुदतीच्या पाकिटाला पांढऱ्या अंगावर फक्त डाव्या कडेला बोटभर रुंदीचा असा तिरप्या रेघांचा लाल काठ असावा. तिरप्या रेघा ही इथल्या कुठल्या पक्षाची ओळख नाही, रंग न दिसणाऱ्याला आकार दिसतो, पत्त्याची जागा मोकळी राहते, आणि छापखान्याला एका जादा शाईपलीकडे खर्च नाही. दुसरा कुठलाही रंग सक्तीचा नको. ज्याला काठ नाही ते रविवारी फोडले तरी चालेल, एवढा एकच नियम घरात सगळ्यांना पाठ होईल.

नक्कल होईल, हे खरे. कर्ज विकणाऱ्यांची जाहिरातपत्रे आजही ‘तातडीचे’ असा शिक्का मारून येतात, आणि काठ रुळला की तेही काठ छापतील. म्हणून काठ वापरण्याचा हक्क ठरावीक कागदांपुरता असावा: ज्यात कायद्याने किंवा नियमाने ठरलेली मुदत आहे आणि ती चुकली तर घेणाऱ्याचा हक्क जातो, फक्त तेच. जाहिरातीवर काठ दिसला तर ती ग्राहकाची दिशाभूल, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंडाची तरतूद आहेच. वकिलांचा आक्षेप वेगळा असेल. काठ पाहिला की माणूस पाकीट घेणारच नाही, ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन ते परत येईल. पण तसे आजही होतेच, वकिलाचे नाव वाचून होते. आणि त्या नकाराने कुणाचे भले होत नाही. पत्ता बरोबर असेल आणि टपाल खर्च भरून पाकीट रीतसर नोंदणीने पाठवले असेल, तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ते पोचले असेच धरले जाते. न्यायालयांनी नकारालाही बजावणीच मानले आहे. पाकीट परत पाठवून मुदत परत जात नाही. ही गोष्ट लोकांना माहीत नाही, म्हणून ते दार लावून घेतात. काठाखाली बारीक अक्षरांत ‘नाकारले तरी मुदत सुरू होते’ एवढी ओळ मराठीत छापली, तर तो काठ नोटीस पाठवणाऱ्याच्याही उपयोगाचा होईल.

याला नवा कायदा लागत नाही. पतसंस्था आणि सहकारी बँका आपली पाकिटे स्थानिक छापखान्यांतूनच छापून घेतात, आणि सहा जिल्ह्यांच्या वकील संघटनांनी ठरवले तर काठाचा नमुना एका बैठकीत पक्का होईल. अडेल ते एका तपशिलावर. चेकच्या नोटिशीतले १५ दिवस नोटीस लिहिल्यापासून मोजत नाहीत, मिळाल्यापासून मोजतात. म्हणून शेवटची तारीख पाकिटावर आधी छापता येणार नाही, आणि अंदाजाने छापली तर तीच वादाचे कारण होईल. तिथे काठालगत ‘मिळाल्यापासून १५ दिवस’ असे छापावे आणि खाली ‘मिळाल्याची तारीख’ म्हणून एक रिकामी चौकट सोडावी. ती पोस्टमनने भरायची नाही. त्याच्याकडे स्पीड पोस्टची नोंद असतेच. ज्याने सही करून पाकीट घेतले, मग ती सून असो की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्याने पेन हातात आहे तोवर ती भरायची, आणि मग पाकीट हवे तर टीव्हीखाली ठेवायचे.